बॅले नर्तकाचं करिअर : ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

वडपे म्हटलं की मुंबई–नाशिक महामार्ग, कंटेनरच्या रांगा आणि गोदामं. इथल्या एखाद्या मुलानं घरी सांगितलं, "मला बॅले शिकायचाय," तर उत्तर ठरलेलं: "ती श्रीमंतांची थेरं. त्यात मुलींचा नाच!"

श्रीमंतांचं म्हणाल, तर मुंबईतलीच दोन नावं पाहा. अमिरुद्दीन शाह हा एका वेल्डरचा मुलगा. मनीष चौहानचे वडील टॅक्सीचालक. दोघांनाही येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन शिक्षकानं मुंबईत घडवलं. अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. सूनी तारापोरवाला यांच्या 'ये बॅले' (२०२०) या चित्रपटाला या दोघांच्याच प्रवासाचा आधार आहे आणि त्यात मनीषनं स्वतः काम केलंय. अर्थात, परदेशातल्या शिक्षणाचा खर्च अशा घरांना झेपत नाही. तिथे शिष्यवृत्ती आणि देणगीदार लागतातच.

मुलींचा नाच हा समज तर इतिहासालाच धरून नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः बॅले नाचायचा आणि १६६१ मध्ये त्यानं नृत्याची अकादमी काढली. पॅरिसच्या ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी आल्या त्या १६८१ मध्ये. तोवर स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत. आजही जोडीच्या नृत्यात नर्तकीला डोक्यावर उचलून धरायचं, अलगद खाली ठेवायचं आणि दम लागलेला दिसू द्यायचा नाही, हे पुरुष नर्तकाचं काम आहे.

चार वर्षांच्या आत सुरुवात केली नाही तर संपलं, असंही म्हणतात. लहानपणी सुरुवात केलेली चांगलीच, पण मिस्टी कोपलंड तेराव्या वर्षी शिकू लागली आणि २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तकी झाली. मनीष तर कॉलेजच्या वयात माओरच्या वर्गात आला. उलट घाई घातक ठरते: टोकावर उभं राहण्याचे पॉइंट शूज साधारण वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षाआधी देत नाहीत, कारण पायाची हाडं कोवळी असतात आणि घोट्यात पुरेशी ताकद आलेली नसते.

नाव झालं की आराम, हा सगळ्यात मोठा गैरसमज. कंपनीतली प्रमुख नर्तकीसुद्धा सकाळी आधाराचा दांडा (बार) धरून प्राथमिक हालचालींपासूनच सुरुवात करते. मग दिवसभर तालमी, संध्याकाळी प्रयोग. बहुतेकांची उमेदीची वर्षं समूहनृत्यातच जातात. घोटे, गुडघे आणि कंबर कायम जोखमीवर. पॅरिस ऑपेराच्या नर्तकांचं निवृत्तीचं वय ४२ आहे. ती सवलत जाऊ नये म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये संपावरच्या नर्तकींनी ऑपेराच्या पायऱ्यांवर, थंडीत, 'स्वान लेक' सादर केलं होतं. इतरत्र अनेकजण पस्तिशीच्या आसपासच थांबतात आणि शिकवण्याकडे, नृत्यरचनेकडे वळतात.

आपल्याकडे युरोपासारखी, अनेक नर्तकांना बारमाही पगार देणारी मोठी कंपनी नाही. म्हणजे पूर्णवेळ नोकरी हवी तर बहुधा परदेश गाठावा लागतो, आणि त्याआधी वडप्याहून मुंबईचा वर्ग गाठायचा तर महामार्गावरची कोंडी आहेच.

तरीही मुलाला नको म्हणू नका. वर्ग स्वतः जाऊन पाहा, शिक्षक पॉइंट शूजची घाई करतोय का ते विचारा आणि शाळा सुटू देऊ नका. चाळिशीनंतरही त्याला पोट भरायचंय.