काच धुतली तरी पट्टे का उरतात?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि बसमध्ये आवाज करता येत नाही म्हणून इथे वाचायला आलेल्यांनाही. एपिसोडमध्ये जे बोलले तेच इथे जरा नीट लावून दिलंय. मध्ये मध्ये घसरले होते, तेवढं कापलंय.

तर झालं असं की एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. म्हणतो, "ताई, सेकंडहँड गाडी घेतलीय. पुढची काच तीनदा धुतली, शाम्पू लावला, पेपरने पुसली. दिवसा एकदम चकाचक. पण रात्री समोरून गाडी आली आणि वायपर फिरला, की सगळं दुधाळ दिसतं. काच बदलावी लागेल का?"

थांब रे बाबा, एवढ्यात काच बदलू नकोस. आधी त्या काचेवर नक्की काय बसलंय ते शोधू. आजच्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच आहे. काचेवरचे पट्टे दिसायला सारखे असतात, पण ते एकाच गोष्टीचे नसतात. तेलाला जे औषध लागू पडतं ते क्षाराला पडत नाही. आपण मात्र सगळ्यावर एकच फडकं फिरवतो आणि मग म्हणतो, "जातच नाही यार!"

हे एवढं मनावर का घ्यायचं?

माझे बाबा टुरिस्ट गाडी चालवायचे. रात्री निघायचं असलं की चहाच्या आधी काच. टायरची हवा, लाइट, सगळं नंतर. तेव्हा मला वाटायचं, सवय असेल. नंतर त्यातलं शास्त्र कळलं.

काचेवरचा पातळ थर प्रकाश फारसा अडवत नाही, तो प्रकाश विखुरतो. दिवसा सगळीकडेच उजेड असतो, म्हणून ते जाणवत नाही. रात्री समोरच्या गाडीचा हेडलाइट त्या थरावर पडतो आणि अख्खी काच उजळून निघते. त्या उजेडामागे जे अंधुक असतं ते गायब होतं. गडद कपडे घालून कडेने चालणारा माणूस. बंद पडलेला टेम्पो. आणि आपल्याकडे गळीत हंगामात, मागे लाइट ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली.

आता हिशोब करा. ताशी ६० किलोमीटरने गाडी म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. दोन सेकंद डोळ्यांपुढे पांढरं आलं, तर तुम्ही ३३ मीटर न बघता गेलात. काच पुसणं हे गाडी चमकवण्याचं काम नाही, ते ब्रेकच्या बरोबरीचं काम आहे.

आधी तपास: चार सोप्या खुणा

एक, थर आतून आहे की बाहेरून? स्वच्छ मायक्रोफायबरचं कापड घ्या. बाहेरून फक्त आडवं पुसा, आतून फक्त उभं. मग अंधारात मोबाईलचा टॉर्च काचेवर तिरका मारा. आडव्या रेघा दिसल्या तर थर बाहेर, उभ्या दिसल्या तर आत. निम्म्या भांडणाचा निकाल इथेच लागतो.

दोन, पाणी कसं वागतंय? बाहेरच्या काचेवर पाणी ओता. स्वच्छ काचेवर पाणी चादरीसारखं सलग पसरतं. तेल, मेण किंवा सिलिकॉन असेल तर पाणी तुटतं, थेंब होतात. काचेला मुद्दाम पाणी झटकणारं कोटिंग केलं असेल तर थेंब होणारच, तेव्हा सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकाला विचारून घ्या.

तीन, गोल पांढरे डाग आहेत का? ओल्यात दिसत नाहीत, वाळलं की परत हजर, आणि नखाला किंचित खरखरीत लागतात. हे क्षार. बोअरच्या पाण्याची देणगी.

चार, पट्टा दरवेळी त्याच जागी उमटतो का? वायपरच्या कमानीत, ठरलेल्या रेषेवर? मग काच बिचारी निर्दोष असू शकते. वायपरचं रबर तपासा.

बाहेरचा तेलकट थर

हा सगळ्यात जास्त आढळतो. पुढच्या ट्रकचा धूर, रस्त्यावरचं ऑइल, टायरचा चुरा, आणि वॉशिंग सेंटरच्या शाम्पूतलं मेण. पहिल्या पावसात तर रस्त्यावर महिनोन् महिने साचलेलं सगळं पुढच्या चाकांवरून उडून थेट आपल्या काचेवर येतं.

कृती अशी:

१. गाडी सावलीत, काच गार. तापलेल्या काचेवर लिक्विड पुसायच्या आधीच वाळतं आणि नवे पट्टे पडतात.

२. आधी नुसतं भरपूर पाणी. ही पायरी गाळायची नाही. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. कोरडं फडकं फिरवलं तर आपणच काचेवर बारीक ओरखडे काढतो, आणि ते कायमचे.

३. अर्धी बादली पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब. मऊ स्पंजने वरून खाली. मग साबणाचा अंश राहणार नाही इतकं धुवा. राहिलेला साबण हाच पुढचा पट्टा असतो.

४. कोरडी झाली की मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या आणि एका वेळी हातभर जागा पुसा. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने. कापड काळं झालं की घडी बदला, नाहीतर इथलं तेल तिथे. हे पेट घेतं, त्यामुळे सिगारेट-काडेपेटी लांब ठेवा. रंगावर, डॅशबोर्डवर, टचस्क्रीनवर सांडू नका.

"घरात सॅनिटायझर पडलाय, तो चालेल का?" हे चार जण तरी विचारणार. नको. हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन किंवा जेल असतं. ते काचेवर चिकटून बसतं.

इतकं करूनही पाणी तुटत असेल तर मेण किंवा सिलिकॉन घट्ट बसलंय. तेव्हा काचेसाठीच असलेलं पॉलिश वापरायचं. त्यात बहुतेकदा सिरियम ऑक्साइड असतं. ओलं ठेवून, हलक्या हाताने, गोल गोल. कोटिंग केलेल्या काचेवर मात्र हे नको, कोटिंग निघून जाईल. आणि भांड्यांची तारेची घासणी? तिला सिंकपाशीच राहू द्या.

क्षाराचे डाग

क्षार साबणाला दाद देत नाहीत, त्यांना आंबट लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर पाच-दहा मिनिटं चिकटवा, वाळू देऊ नका. मग पुसून भरपूर पाण्याने धुवा. बॉनेटच्या रंगावर ओघळ गेला तर तोही लगेच धुवायचा.

हे डाग वर्षानुवर्षं उन्हात भाजलेले असतील तर काही जागी काचेचा पृष्ठभागच खराब झालेला असतो. तिथे व्हिनेगर हरतं, पॉलिश लागतं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी वाचवायचं म्हणून कित्येक घरांत आरओचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला ठेवतात. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. फरशीला, टायरला वापरा. काचेवर वापरलंच तर वाळायच्या आत पुसून काढा.

आतला धुरकट थर

हा लपलेला चोर आहे. गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डचं प्लास्टिक तापतं, त्यातले मऊपणा आणणारे पदार्थ हळूहळू हवेत जातात आणि काचेवर बसतात. त्यात भर सिगारेटची, देवापुढच्या उदबत्तीची आणि चकचकीत डॅशबोर्ड पॉलिशची. नव्या गाडीतसुद्धा होतं, म्हणून "गाडी तर नवीच आहे" ही सबब चालणार नाही.

इथे दोन कापडं लागतात. पहिलं साध्या पाण्याने ओलसर करून पिळलेलं, त्याने धूळ काढायची. मग त्याच कापडाच्या स्वच्छ बाजूवर थोडं अल्कोहोल घेऊन पुसायचं, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने. फवारा कापडावर मारा, काचेवर नको, नाहीतर थेंब डॅशबोर्डवर पडतात. खालच्या कोपऱ्यात हात पोचत नाही, तिथे तळहात उलटा करून कापड बोटांच्या मागच्या बाजूने फिरवा.

फास्टॅगच्या भोवती जपून, तो याच बाजूला चिकटवलेला असतो. काचांना फिल्म असेल तर अमोनिया असलेलं क्लीनर टाळा. मागची काच पुसताना त्यावरच्या बारीक गरम होणाऱ्या रेघांच्या दिशेनेच हात चालवा.

वायपर

रबर ओल्या कापडाच्या चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. पहिल्यांदा कापडावर कोळसा निघेल. तो निघेनासा होईपर्यंत करा. मग कडेवरून बोट फिरवा. कड फाटलेली, कडक किंवा वाकडी लागली तर धुऊन उपयोग नाही, ब्लेड बदला. आपल्याकडचं ऊन रबराला खातं, म्हणून मे संपता संपता, मृगाच्या आधी एकदा तपासायचंच.

वायपर उचलाल तेव्हा खाली जाड टॉवेल ठेवा. हात सटकून लोखंडी दांडी काचेवर आपटली तर तडा जाऊ शकतो. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या आड असतात, ते ओढून उचलू नका. सर्व्हिससाठी ते वर कसे आणायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

आणि ते जुने जुगाड?

ट्रकवाले पावसात काचेवर तंबाखू किंवा बटाटा चोळतात, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे. त्या रसाचा थर बसतो आणि थेंब न होता पाणी पसरतं, म्हणून तात्पुरतं बरं दिसतं. भर पावसात वायपर बंद पडला तर तेवढ्यापुरता उपाय. पण तो थर आहे, सफाई नाही. पाऊस थांबला की तोच चिकट थर धूळ धरतो. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, ती कमी-जास्त खरखरीत असते, म्हणून काचेवर नको. रॉकेल-डिझेल तर तेलच. तेलाने तेल पुसण्यात काय अर्थ?

तर त्या व्हॉइस नोटवाल्या मित्रा,

तुझी काच दिवसा चकाचक आणि रात्री दुधाळ, तीही वायपर फिरल्यावर. माझा पहिला संशय बाहेरच्या मेणावर आणि दुसरा वायपरवर. शाम्पूने तीनदा धुतलंस म्हणजे कदाचित मेणाचे तीन हात दिलेस! टॉर्चची परीक्षा कर, मग पाण्याची, मग वरच्या क्रमाने जा.

सगळं करूनही काचेच्या कडेला आतमध्ये पांढुरके फुगे किंवा ढगासारखं काही दिसत असेल, तर ते पुसून जाणार नाही. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. तो सुटायला लागला, किंवा ओरखडे नजरेच्या समोरच असले, तर मात्र काच बदलण्याचा विचार कर. तोपर्यंत पैसे खिशात.

अंधार पडल्यावर गाडीपाशी जा, टॉर्च लावा, आणि रेघा आडव्या निघाल्या की उभ्या, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. गाडी घरी बाबा किंवा दादा चालवत असतील तर त्यांच्या काचेवरही एकदा टॉर्च मारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून चालवा!