खाजकुहिलीची शेंग आणि आजोबांचा थरथरणारा हात : मेंदूतील विकरांची ओळख



पावसाळा सरला की आमच्या रहिमतपूर भागात कुंपणावर, माळावर खाजकुहिलीच्या शेंगा दिसू लागतात. मग एखादा तरी मुलगा हात चोळत, रडवेला होऊन वर्गात येतोच. कुणी म्हणतं शेण लाव, कुणी म्हणतं राख लाव. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र इथे एक चांगला पाठ मिळतो.

शेंगेवरच्या बारीक केसांत म्युक्युनेन नावाचं विकर, म्हणजेच एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं आणि त्वचेतले खाजेचे चेतातंतू जागे करतं. केस खाज आणतात, पण त्याच शेंगेतल्या बियांत कंपवातावर उपयोगी पडणारं द्रव्य आहे. ते कसं, हे समजण्यासाठी आधी विकर म्हणजे काय ते पाहू.

विकर म्हणजे काय?

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. लाळेतलं अमायलेज हे विकर पिठातल्या स्टार्चची साखर करतं. विकर हे बहुतेक वेळा प्रथिन असतं. ते रासायनिक क्रियेचा वेग वाढवतं, पण स्वतः संपत नाही. आणि प्रत्येक विकराचं काम ठरलेलं असतं. मुलं विकर आणि संप्रेरक यांत गोंधळतात. संप्रेरक निरोप नेतं, विकर काम करून टाकतं, एवढं सांगितलं तरी फरक लक्षात राहतो.

कंपवातात काय बिघडतं?

आपल्या हालचाली सुरळीत होण्यासाठी मेंदूत डोपामिन लागतं. ते दोन टप्प्यांत बनतं. आहारातल्या प्रथिनांमधून मिळणाऱ्या टायरोसिनपासून एक विकर लेव्होडोपा तयार करतं. दुसरं विकर, डोपा-डिकार्बोक्सिलेज, त्याचं डोपामिन करतं. काम झालं की एमएओ-बी नावाचं तिसरं विकर डोपामिन मोडून टाकतं. बनवणारं आणि मोडणारं, दोन्ही असली तरच तोल राहतो.

कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशीच हळूहळू मरतात. त्यांच्याबरोबर पहिल्या टप्प्याचं विकरही कमी होतं. मग हात थरथरतो, चाल मंदावते, अक्षर बारीक होतं, चेहरा भावहीन दिसतो. घरचे म्हणतात, "आजोबा हल्ली हसतच नाहीत, रागावलेत वाटतं." ते रागावलेले नसतात. चेहऱ्याचे स्नायू पूर्वीसारखे हलत नाहीत, इतकंच. मात्र हात थरथरला म्हणजे कंपवातच, असंही नाही. निदान डॉक्टरांनीच करायचं.

मग सरळ डोपामिनच का देत नाहीत?

कारण रक्तातून मेंदूत जाताना एक अडसर असतो, तो डोपामिनला आत सोडत नाही. लेव्होडोपा मात्र आत जातं. १९३७ साली मद्रास विद्यापीठातल्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी हेच द्रव्य खाजकुहिलीच्या बियांतून वेगळं केलं होतं. पुढे १९७८ साली अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी या वनस्पतीने कंपवातावर उपचार केल्याचा अभ्यास 'न्यूरॉलॉजी इंडिया' या नियतकालिकात मांडला.

इथे पुन्हा विकर आडवं येतं. डोपा-डिकार्बोक्सिलेज आतडं, यकृत यांसारख्या अवयवांतही असतं. ते लेव्होडोपाचं डोपामिन वाटेतच करून टाकतं. मेंदूला थोडंच पोचतं आणि मळमळ होते. म्हणून गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा घालतात. ते मेंदूबाहेरच्या विकराला अडवतं, पण स्वतः मेंदूत शिरत नाही.

पालकांसाठी महत्त्वाचं

"झाडपाल्याचं आहे, अपाय नाही" म्हणून काही घरांत कवचबीजाची पूड परस्पर सुरू होते, तर कधी गोळ्या बंद होतात. दोन्ही धोक्याचं आहे. बियांतलं लेव्होडोपाचं प्रमाण दर झाडाला बदलतं, त्यामुळे नेमकी मात्रा कळत नाही. आधीच गोळी चालू असेल तर पुडीमुळे औषध दुप्पट होऊ शकतं. आणि गोळी अचानक थांबवली तर जीवावर बेतू शकतं. पूड घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. दूध, डाळ, मटण यांतली प्रथिनंही लेव्होडोपाच्या शोषणात आड येतात. म्हणून गोळीची जेवणाशी सांगितलेली वेळ पाळा.

विसरण्याच्या आजाराचं काय?

अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन कमी पडतं. डोनेपेझिल हे औषध त्याला मोडणाऱ्या विकराला रोखतं, त्यामुळे आहे तेवढं रसायन जास्त वेळ टिकतं. काही रुग्णांना थोडा काळ फायदा होतो, पण पेशींचं मरणं थांबत नाही. या आजारात साठणारं अमायलॉइड तयार होण्यातही बीटा-सिक्रिटेज या विकराचा हात असतो. ते अडवणारी औषधं तयार झाली, अमायलॉइड कमीही झालं, पण रुग्णांची स्मृती सुधारली नाही. काहींची तर जास्त घसरली. एक विकर बंद केलं की आजार बरा, इतकं हे सोपं नाही.

वर्गात करून पाहा

दोन परीक्षानळ्यांत भाताची पातळ पेज घ्या. एकीत लाळ मिसळा. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचा थेंब टाका. लाळेच्या नळीत निळा रंग फिका पडतो किंवा येतच नाही. मग मुलांना विचारा : हेच विकर संपलं तर? जास्त झालं तर? या दोन प्रश्नांवरून मुलं आपोआप आजोबांच्या थरथरत्या हातापर्यंत येतील. आणि घरी गेल्यावर आजोबांच्या हातातला चहाचा कप सांडला, तर हसण्याऐवजी तो धरायला पुढे होतील.