'अवतार' : एका पारिभाषिक संज्ञेचा अर्थप्रवास

व्हिडिओ गेमच्या परिभाषेतील बहुतेक संज्ञा इंग्रजी असल्या, तरी 'अवतार' ही संज्ञा मुळात संस्कृत आहे. 'अव' हा उपसर्ग व 'तॄ' हा धातू यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'खाली उतरणे' असा होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत रुजू लागला.

१९८५ मधील 'अल्टिमा ४' या खेळात रिचर्ड गॅरियट यांनी तो योजिला. तेथे आठ सद्गुण अंगी बाणविणारा नायकच 'अवतार' ठरतो. शब्दातील नैतिक आशय टिकून राहतो. १९८६ मध्ये लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट'मध्ये मात्र चिप मॉर्निंगस्टार यांनी, खेळाडू बाहेर बसून पडद्यावर जी आकृती चालवितो, तिला हे नाव दिले. येथे आदर्श लोपला, प्रतिनिधित्व उरले. नील स्टीफन्सन यांच्या 'स्नो क्रॅश' (१९९२) या कादंबरीने हाच अर्थ लोकप्रिय केला.

यास केवळ अर्थापकर्ष म्हणता येईल काय? एका जगातील कर्त्याने रूप धारण करून दुसऱ्या जगात उतरावे, हा गाभा कायमच आहे. शिवाय बोली मराठीनेही या शब्दाला देवत्वापलीकडे नेले आहे. 'हा काय अवतार!' या उद्गारात विस्कटलेला वेशच अभिप्रेत असतो. लौकिक रूपाचा अर्थ मराठीत असा स्वतंत्रपणे सिद्ध असल्याने, गेममधील 'अवतार' ही परकी उसनवारी न मानता आपल्याच शब्दाचा अर्थविस्तार म्हणून कोशात नोंदविणे युक्त ठरेल.