दूरसल्ला आणि संधिवाताचा रुग्ण

आमच्या शाखेत ‘हात लावून पाहणे’ याला फार महत्त्व आहे. सांध्याची सूज मऊ आहे की हाडाची वाढ आहे, सांधा गरम लागतो का, हे बोटांनाच उमगते. त्यामुळे २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरसल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा ही सोय टाळेबंदीपुरतीच, असे मी मानले होते. टाळेबंदी उठली, सोय मात्र राहिली. खरगोन-बडवानीहून इंदूरला येण्यात आमवाताच्या रुग्णाचा अख्खा दिवस जातो, आणि प्रवासाचा शीण सांध्यांना सोसावा लागतो तो निराळाच.

या सोयीची मर्यादा मला एका काकूंमुळे कळली. त्यांना मी फोनवरून मेथोट्रेक्सेट सांगितले : आठवड्यातून एकदा, तीन गोळ्या. औषधचिठ्ठीही पाठविली. नवव्या दिवशी त्यांनी व्हिडिओवर तोंड आल्याची तक्रार केली. मी गोळ्यांची पाकिटे कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. दोन पाकिटे रिकामी होती, तिसऱ्यातल्याही चार गोळ्या संपल्या होत्या. काकू रोज तीन गोळ्या घेत होत्या! त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात आणले. रक्तातील पांढऱ्या पेशी बऱ्याच उतरल्या होत्या. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. पण चूक त्यांची नव्हती. मी सांगितले होते. त्यांना काय समजले, हे मात्र विचारले नव्हते.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. निदान आणि पहिली तपासणी समोरासमोरच करावी. आजार आटोक्यात असलेल्या रुग्णाचा पाठपुरावा दुरून करण्यास हरकत नाही. रक्ततपासणीचे निकाल आधी मागवावेत. मेथोट्रेक्सेट सुरू असताना रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी प्रारंभी दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे साधारणतः तीन महिन्यांनी हवी. सकाळी सांधे किती वेळ आखडतात, हे मिनिटांत विचारावे. उजेडात मूठ वळायला, हात डोक्यावर न्यायला आणि आधाराविना खुर्चीवरून उठायला सांगावे. एवढ्यानेही पुष्कळ कळते. मेथोट्रेक्सेटचा वार चिठ्ठीवर अक्षरात लिहावा आणि शेवटी रुग्णाकडून सारे पुन्हा वदवून घ्यावे. झालेल्या संभाषणाची नोंद ठेवणे तर मार्गदर्शक तत्त्वांनीच बंधनकारक केले आहे.

काही लक्षणे मात्र पडद्यावर निस्तरू नयेत. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप येणे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ताप येणे. नवी धाप किंवा कोरडा खोकला. पन्नाशीनंतर नव्याने डोके दुखून जबडा दुखणे अथवा दृष्टी अंधुक होणे. हातापायांतील शक्ती जाणे. अशा रुग्णाला त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठवावे. ‘उद्या पुन्हा फोन करा’ हे उत्तर येथे महागात पडते.

समाजबांधवांनाही एक विनंती. आईवडिलांच्या सल्ल्याच्या वेळी मुलांनी कॅमेरा अवश्य धरावा, पण उत्तरे त्यांनाच देऊ द्यावीत. गोळ्यांची सगळी पाकिटे जवळ ठेवावीत. औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामकेही दाखवावीत, लपवू नयेत. स्टिरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये.

त्या काकू आता दर तीन महिन्यांनी व्हिडिओवर भेटतात, वर्षातून दोनदा प्रत्यक्ष येतात. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणतात, “डॉक्टर, गुरुवार. फक्त गुरुवार.” प्रत्येक सल्ल्याचा शेवट असा रुग्णाच्या तोंडून व्हावा, एवढीच माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे.