पाहायचा राहून गेलेला जलसा

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत येणाऱ्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारताना एकाने सहज प्रश्न टाकला, "सर, कोणत्याही काळातला एक गाण्याचा कार्यक्रम समोर बसून पाहायला मिळाला, तर तुम्ही कोणता पाहाल?" मुलांनी आपापली उत्तरे आधीच ठरवून ठेवली होती. कोणी परदेशातल्या गायकांची नावे घेतली, कोणी कव्वालांची, एका मुलीने लतादीदींचे नाव घेतले. माझ्या तोंडून नकळत उत्तर गेले, "मी भीमराव कर्डकांचा जलसा पाहीन." क्षणभर शांतता झाली. मग त्याच मुलाने विचारले, "जलसा म्हणजे नक्की काय?"

या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. ज्या कलेने आपल्या आजा-पणज्याला बाबासाहेब समजावून सांगितले, त्या कलेचे नावही आपल्या मुलांना नीट ठाऊक नसावे, ही चूक मुलांची नव्हे, आपली आहे. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर येथे लिहीत आहे.

जलसा म्हणजे काय?

'जलसा' हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. त्याचा साधा अर्थ सभा, मैफल, जमलेले लोक. महाराष्ट्रात मात्र त्याला वेगळा अर्थ चिकटला. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्याआधी १८६९ मध्ये त्यांनी शिवछत्रपतींवर पवाडा रचला होता. लोकांना विचार सांगायचा तर तो लोकांच्याच चालीत सांगावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे त्यांच्या अनुयायांनी गावोगावच्या तमाशाचा साचा घेतला आणि त्यात नवा मजकूर भरला. तोच सत्यशोधकी जलसा. ओतूरचे भीमराव महामुनी यांचे नाव या जलशाच्या आद्य प्रवर्तकांत घेतले जाते.

हा साचा विद्यार्थ्यांनी समजून घेतला पाहिजे. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, लावणी आणि शेवटी वग असा क्रम असतो. गणात गणेशाला वंदन, गवळणीत कृष्ण आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, बतावणीत हजरजबाबी विनोद आणि वगात एक सलग कथा. प्रेक्षकाला हा क्रम पाठ असतो, त्यामुळे पुढे काय येणार याची तो वाट पाहत असतो. जलसाकारांनी नेमका याचाच उपयोग केला. गण आला, पण त्यातला गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा पुढारी, असा अर्थ सांगितला गेला. बतावणी आली, पण तिच्यात थट्टा झाली ती भोळ्या श्रद्धेची आणि लुबाडणाऱ्याची. वग आला, पण त्यात राजा-राणीऐवजी सावकार, शेतकरी आणि शाळेत जाऊ पाहणारा पोर आला. घर तेच, पण राहणारी माणसे बदलली. म्हणून ऐकणारा परका झाला नाही आणि ऐकून उठला तेव्हा पहिल्यासारखाही राहिला नाही.

आंबेडकरी जलसा आणि त्याची गरज

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि १९३० मध्ये 'जनता' निघाले. पण १९३१ च्या जनगणनेत सबंध देशात शंभरातल्या दहा जणांनाही अक्षरओळख नव्हती. अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांत तर परिस्थिती त्याहून बिकट होती. वर्तमानपत्र गावात पोहोचले तरी वाचणार कोण? वाचून दाखवणारा एखादा मिळाला तरी अग्रलेखातली भाषा शेतात राबून आलेल्या बाईच्या कानात कशी शिरणार?

ही दरी जलशाने भरून काढली. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह, त्याच वर्षी २५ डिसेंबरचे मनुस्मृतीचे दहन, २ मार्च १९३० पासूनचा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, १९३२ चा पुणे करार, १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १९३६ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र मजूर पक्ष या घटना एकामागोमाग एक घडत होत्या. त्यांचा अर्थ वस्तीवस्तीत पोहोचवण्याचे काम शाहिरांनी केले. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, गावकीची लाचारी सोडा, लग्नात कर्ज काढू नका, दारू सोडा, मुलाबरोबर मुलीलाही शाळेत घाला, हे सगळे ढोलकीच्या ठेक्यावर सांगितले गेले.

या शाहिरांत नाशिक जिल्ह्याचे भीमराव कर्डक अग्रणी होते. त्यांच्याविषयी एक गोष्ट आपल्या समाजात आवर्जून सांगितली जाते. आपल्या दहा सभांनी जे काम होते ते कर्डकांच्या एका जलशाने होते, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढले, असे जुनी माणसे सांगतात. कर्डकांनी पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तकही लिहून ठेवले. विद्यार्थ्यांनी ते मिळवून जरूर वाचावे.

मला तो कार्यक्रम का पाहायचा आहे?

कोणी विचारील, पुस्तक आहे, गाणी छापलेली आहेत, मग प्रत्यक्ष पाहण्याचा हट्ट कशाला?

याचे उत्तर जुन्या गीतांच्या पुस्तिकांतच सापडते. अशा पुस्तिकांत गाण्याच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द असतो आणि पुढे त्या काळच्या एखाद्या प्रसिद्ध पदाचे किंवा सिनेमागीताचे नाव असते. त्या काळी तेवढे पुरेसे होते, कारण ती चाल प्रत्येकाच्या ओठांवर होती. आज मूळ पदच कोणाला ठाऊक नाही. मग आपल्या हातात शब्द उरतात आणि गाणे निघून जाते. छापलेला जलसा म्हणजे भाकरीशिवाय उरलेला तवा. शब्द वाचून अर्थ कळतो, पण ढोलकी कोठे थांबली, सोंगाड्या कोणत्या वाक्यावर गप्प राहिला आणि माणसे कोठे हसली, कोठे एकदम सुन्न झाली, हे कागदावर येत नाही.

मी तो प्रसंग मनाशी असा उभा करतो. दिवसभर राबून लोक जेवले आहेत. वस्तीच्या मोकळ्या जागेत गॅसबत्ती टांगलेली आहे. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज आणि एखादी बाजाची पेटी, एवढेच साहित्य. बाईची भूमिका करायलाही पुरुषच उभा आहे. तो पदर सावरतो, तशी समोरच्या बायका तोंडावर हात ठेवून हसतात. आणि मग तीच 'बाई' आपल्या नवऱ्याला विचारते, पोराला शाळेतून का काढले? हसू तेथेच विरते. त्या क्षणी समोरच्या बायकांच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल, ते मला पाहायचे आहे. गाणाऱ्यापेक्षाही मला ऐकणारी माणसे पाहायची आहेत.

आणखी तीन रात्री

एका कार्यक्रमावर माझे समाधान होणार नाही, हेही कबूल करतो.

दुसरी रात्र मी मुंबईच्या कामगार वस्तीत मागेन. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावात १९२० साली जन्मलेले अण्णाभाऊ लिहिणारे आणि बार्शीचे अमर शेख पहाडी आवाजाचे. अण्णाभाऊंनी गणातले दैवत बदलले आणि मायभूमीला व शिवछत्रपतींना वंदन करून खेळ सुरू केला. 'माझी मैना' ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची बायको यांच्या ताटातुटीपासून ती सुरू होते आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाच्या ताटातुटीपाशी पोहोचते. एका माणसाचे दुःख सगळ्यांचे कसे होते, हे शिकायला याहून चांगला धडा नाही. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

तिसरी रात्र वामनदादा कर्डकांची. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेला हा माणूस शाळा न शिकता मुंबईला आला. एकदा कोणी पत्र वाचून दाखवायला दिले आणि आपल्याला वाचता येत नाही याची त्यांना लाज वाटली. मग ते देहलवी गुरुजींकडून अक्षरे शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे शिकले. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले आणि १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत हजारो गीते रचली. ज्याला पत्र वाचता येत नव्हते, त्याची गीते आज विद्यापीठात अभ्यासली जातात. अभ्यासिकेत बसून 'मला जमणार नाही' म्हणणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

चौथी रात्र कव्वालीच्या सामन्याची. समोरासमोर दोन पार्ट्या, पेटी, ढोलक, बेंजो, टाळ्यांचा ठेका आणि सवाल-जवाब. एकाने बुद्धचरित्रातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नवा धम्म साध्या माणसापर्यंत नेण्यात या सामन्यांचा वाटा मोठा आहे. श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे घेतली की आजही जुन्या माणसांचे डोळे चमकतात. विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. गाणाऱ्याला याहून वेगळे मरण काय हवे?

एका वहीची गोष्ट

आता थोडे स्वतःचे सांगतो. माझे थोरले मामा जलशात ढोलकी वाजवत. त्यांच्यापाशी लांबट, खाकी पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात गाणी होती, सवाल-जवाब होते आणि समासात ठेक्याच्या खुणा होत्या. लहानपणी मी ती चाळली होती. मामा गेल्यावर घराची रंगरंगोटी निघाली आणि ती वही जुन्या कागदांबरोबर रद्दीत गेली. रद्दीवाल्याच्या तागडीत गठ्ठा मीच ठेवला होता. मी तेव्हा पदवीच्या वर्गात होतो, म्हणजे अडाणी नव्हतो. 'मराठी साहित्याचा इतिहास' हे जाडजूड पुस्तक मी त्याच दिवशी खणात जपून ठेवले. त्या पुस्तकात जलशाचा उल्लेख नव्हता, आणि ज्या वहीत जलसा होता ती मी किलोच्या भावाने दिली. या गोष्टीचे दुःख आजही जात नाही.

म्हणूनच जलसा पाहण्याची माझी इच्छा ही नुसती हौस नाही. हातातले घालवून बसलेल्या माणसाची ती हळहळ आहे.

आपण काय करू शकतो?

गेलेली रात्र परत येत नाही. पण ज्यांनी ती रात्र पाहिली, त्यांतली काही माणसे अजून आपल्यात आहेत. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. त्याचा उपयोग एवढ्यासाठी करावा. आपल्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांकडे जाऊन बसावे, त्यांना गाणी म्हणायला लावावीत आणि प्रत्येक गाण्याबरोबर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : गीत कोणाचे, गायले कोणी, चाल कोणती, प्रसंग कोणता आणि साधारण वर्ष कोणते. आवाज थरथरला तरी चालेल, चाल हाती लागली पाहिजे. घरात जुनी वही, पुस्तिका, कॅसेट असेल तर ती रद्दीत देण्याआधी संस्थेकडे दाखवावी.

दुसरी गोष्ट जयंतीची. मोठ्या आवाजाच्या भिंतींपुढे नाचताना शब्द ऐकू येत नाहीत, आणि आपली गाणी तर शब्दांसाठीच जन्माला आली. आनंद जरूर करावा. पण जयंतीच्या कार्यक्रमात एक तास तरी ढोलकी, पेटी आणि समोर शांत बसलेली माणसे असावीत. संस्थेच्या तरुणांनी एखादा छोटा जलसा स्वतः बसवून पाहावा. विषय शोधायला लांब जावे लागणार नाही. व्यसन, कर्ज, हुंडा, मधेच सुटलेली शाळा, हे सगळे वग अजून आपल्या दारात उभे आहेत.

तसे झाले तर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी नवे उत्तर देईन. कोणत्याही काळातला एक कार्यक्रम पाहायला मिळाला, तर मी पुढच्या जयंतीला तुम्ही बसवलेला जलसा पाहीन. पहिल्या रांगेत बसेन. आणि मामांच्या वहीतली जी दोन-तीन गाणी अजून आठवतात, ती त्याआधी तुम्हाला म्हणून दाखवीन. माझा आवाज चांगला नाही, पण चाल बरोबर आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!