टिंबांच्या गर्दीत मूळ नाव कोणतं?

वाराणसीत लंका भागातल्या सिंहद्वारातून आत गेलं की काशी हिंदू विद्यापीठ लागतं. आयआयटीही त्याच आवारात आहे. इंटरनेटवर मात्र ही दोन बिऱ्हाडं स्वतंत्र: ‘बीएचयू डॉट एसी डॉट इन’ आणि ‘आयआयटीबीएचयू डॉट एसी डॉट इन’. हे यंत्राला कळतं कसं? टिंबं तर सगळी सारखीच! शेवटचे दोनच तुकडे धरले, तर ‘एसी डॉट इन’वाली देशभरची विद्यापीठं एकाच मालकाची ठरतील. गंमत म्हणजे हा निवाडा गणिताने होतच नाही. मोझिलाने सुरू केलेली, ‘एसी डॉट इन’सारख्या शेपटांची ‘पब्लिक सफिक्स लिस्ट’ नावाची यादी आहे, स्वयंसेवक ती हाताने सांभाळतात. यादीतल्या शेपटाआधीचा एक तुकडा धरला की मूळ डोमेन मिळतं.

जाहिरातींचा बाजार या यादीवर विसंबून असतो. पान उघडता उघडता त्यावरच्या जागेचा लिलाव होतो, आणि जागा कुठल्या साइटवरची हे विकणाराच सांगतो. २०१७ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ला आढळलं, की आपल्या नावावर महिन्याला सुमारे १० लाख पौंडांची बनावट जागा विकायला ठेवली जाते आहे. त्याच वर्षी आयएबी टेक लॅबने तोड काढली: ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी’, साइटच्या मूळ डोमेनवर ठेवायची एक साधी मजकुराची फाइल. एका ओळीत एका अधिकृत विक्रेत्याची नोंद: जाहिरात-यंत्रणेचं डोमेन, खाते क्रमांक आणि ‘डायरेक्ट’ की ‘रीसेलर’. पासवर्ड नाही, कूटलेखन नाही. त्या जागी फाइल ठेवणं साइटच्या मालकालाच शक्य, एवढ्यावर सगळी भिस्त!

आता समजा, काशीतल्या एखाद्या वृत्तपत्राचा ई-पेपर सबडोमेनवर, म्हणजे मूळ नावाआधी आणखी एक तुकडा जोडलेल्या पत्त्यावर, आहे. एरवी मूळ डोमेनची फाइलच त्यालाही लागू पडते. पण ई-पेपरचे विक्रेते वेगळे असतील, तर तिथे निराळी फाइल ठेवायची आणि मूळ फाइलमध्ये ‘सबडोमेन=’ लिहून पुढे त्याचं पूर्ण नाव द्यायचं. नेमकी हीच ओळ राहून जाते. ब्राउझरमध्ये नवी फाइल छान उघडते, मालक निर्धास्त होतो, आणि ही फाइल वाचणारी खरेदीदारांची यंत्रं तिकडे फिरकतही नाहीत. एका सबडोमेनने दुसऱ्याची ओळख करून दिलेलीही चालत नाही. तो मान मुळाचाच.

‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’ मात्र स्वतःच ‘पब्लिक सफिक्स लिस्ट’मध्ये आहे. त्यामुळे तिथला प्रत्येक ब्लॉग, सबडोमेनसारखा दिसत असूनही, मूळ डोमेन मानला जातो. म्हणूनच हे ब्लॉग चालवणाऱ्या ‘ब्लॉगर’ सेवेच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येकाला स्वतःची ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी’ भरता येते.