बोटांनी वाचायची बाटली

व्हिक्टोरियन काळातल्या इंग्लंडमध्ये विष विकत घ्यायला फारसे कष्ट पडत नसत. उंदरांसाठी आणलेल्या आर्सेनिकची पांढरी पूड पिठासारखी दिसे. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड शहरात एका मिठाईवाल्याला पेपरमिंटच्या गोळ्यांत साखरेऐवजी स्वस्तातले जिप्सम घालायचे होते. औषधविक्रेत्याच्या मदतनिसाने चुकून आर्सेनिक तोलून दिले. त्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसे दगावली, २००च्या आसपास आजारी पडली. पुढे १८६८च्या फार्मसी कायद्याने विषावर त्याचे नाव, ‘पॉयझन’ हा शब्द आणि विक्रेत्याचे नाव-पत्ता लिहिणे सक्तीचे केले.

पण कागदी लेबल भिजते, सुटते, आणि मेणबत्तीच्या उजेडात वाचता येत नाही. म्हणून काचेलाच बोलते केले गेले. विषाची बाटली गडद निळी किंवा हिरवी, बहुधा षटकोनी. अंगावर उभ्या धारा आणि ‘नॉट टू बी टेकन’ ही उठावाची अक्षरे. झोपेतून उठलेल्या माणसाच्या बोटांना ती खोकल्याच्या औषधाच्या गुळगुळीत बाटलीहून वेगळी लागलीच पाहिजे. अमेरिकेत बोस्टनच्या कार्लटन ली यांनी तर १८९४ मध्ये चक्क कवटीच्या आकाराच्या बाटलीचे पेटंट घेतले.

आज संग्राहक या बाटल्या जुन्या उकिरड्यांतून खणून काढतात. वय ओळखायला ते काचेवर उमटलेली साच्याच्या सांध्याची रेघ पाहतात. हाताने ओठ घडवलेल्या बाटलीत ही रेघ गळ्यापाशीच विरते. १९०३च्या सुमारास आलेल्या मायकेल ओवेन्स यांच्या स्वयंचलित यंत्राच्या बाटल्यांत ती थेट तोंडावर चढते. मात्र हाताचे काम त्यानंतरही बरीच वर्षे चालू होते, म्हणून एका रेघेवर निकाल देऊ नये. रंग, तळ आणि काचेतले बुडबुडेही पाहावे लागतात.

माझा आग्रह एवढाच: चकाकीसाठी बाटली घासू नका. अर्धवट लेबल आणि त्यावरचा औषधविक्रेत्याचा पत्ता हीच तिची कागदपत्रे आहेत. ती गेली की रंगीत काच तेवढी उरते. तळाशी काही साचलेले असेल तर बूच उघडू नका; आर्सेनिक शंभर वर्षांनीही आर्सेनिकच असते. या बाटल्यांचे मोल दुर्मीळपणाहून मोठे आहे. निरक्षर माणसालाही धोका कळावा, ही जबाबदारी वस्तू घडवणाऱ्याने घ्यायची असते, हे त्या शिकवतात.